लेट मी गो, घनपाठासहित

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. वाचून वाटेल, काय देवमाणूस आहे. तसं काही नाही. नाही म्हणायचं असलं की हे ‘पाहू’ म्हणतात. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, त्याच्यावर रुसता येतं, चार बायकांत बसून त्याचा उद्धार करता येतो. पाहू म्हणणाऱ्याचं काय करणार? त्याने दार उघडंच ठेवलेलं असतं, फक्त उंबऱ्यावर स्वतः आडवा झालेला असतो.

ह्यांचं नाव वेणीमाधवशास्त्री. आम्ही बनारसला मंगला गौरीच्या गल्लीत राहतो, पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला. हे घनपाठी आहेत, म्हणजे वेदमंत्रातले शब्द सुलटे, उलटे आणि परत सुलटे असे गुंफून म्हणतात, आणि त्यात एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. पोट मात्र यजमानांवर चालतं. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेली मंडळी ह्यांच्याकडे येतात, हे त्यांना अहिल्याबाई घाटावर नेऊन संकल्प सांगतात. काशीला आलं की आवडीची एक वस्तू सोडायची असा रिवाज आहे. आजवर ह्यांनी हजारभर माणसांना वांगं सोडायला लावलं असेल. कुणी पेरू सोडला, कुणी चहा, सोलापूरच्या एका वकिलांनी तर जर्दा सोडला आणि संध्याकाळी गोदौलियाच्या चौकात परत धरला. ह्यांनी स्वतः सोडलं कारलं. कारलं ह्यांना लहानपणापासून आवडत नाही. पण व्रत इतकं कडक पाळतात की बाजारात कारल्याची टोपली दिसली तरी तोंड फिरवतात.

मी इंदू, ह्यांची बायको. चौऱ्याण्णव साली मुलींच्या एका कॉलेजातून मला पत्र आलं होतं, ग्रंथालयात सहायक म्हणून. कोर्स मी इंग्रजीतून केला होता, पहिल्या वर्गात. पत्र ह्यांच्या हातात दिलं. हे म्हणाले, पाहू, आणि पत्र पंचांगात ठेवलं. पंचांगं बदलली. दर पाडव्याला ते पत्र जुन्या पंचांगातून नव्या पंचांगात जायचं, मी पाहायची. पाच-सहा पाडव्यांनंतर ते दिसेनासं झालं. मी विचारलं नाही. मला त्याचा राग आहे, अजून आहे. लोणचं जपतात तसा मी तो जपलाय, अधूनमधून हलवून.

तर गेल्या चैत्रात आमच्या सुनेला, अवनीला, तसंच पत्र आलं. अवनी इंग्रजीची एम.ए. आहे. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या एका सरकारी निवासी शाळेत शिक्षिकेची जागा. पंधरा जूनच्या आत होकार कळवायचा, एक जुलैला हजर व्हायचं. तिने जेवताना सांगितलं, कागद पुढे ठेवला. ह्यांनी कागद सुलटा वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, परत सुलटा केला. मग म्हणाले, पाहू. आणि कागद पंचांगात गेला.

मी देवव्रतकडे पाहिलं. देवव्रत म्हणजे आमचा मुलगा, तिचा नवरा. बँकेत आहे. दिवसभर लोकांना ‘यहाँ साइन कीजिए, यहाँ भी’ सांगतो, पण बापासमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. खोलीत गेल्यावर तो अवनीला म्हणाला की मी जबलपूरला बदली मागतो, तू जा. मग बाबांना तूच सांग, असं ती म्हणाली तर हा म्हणाला, ‘देखते हैं.’ खाण तशी माती.

मी त्याच दिवशी ठरवलं की हे पत्र पंचांगात कुजू द्यायचं नाही. कसं, ते मात्र सुचत नव्हतं. वाट ह्यांनीच दाखवली.

लॉकडाऊनमध्ये कुशल नावाच्या पुतण्याने ह्यांना संगणकावर वर्ग सुरू करून दिला होता. सात देशांतले अकरा शिष्य, आठवड्यातून तीन दिवस, देवघरात कॅमेरा लावून. कुशल नोएडाला गेल्यापासून अवनी शेजारी बसून दुभाष्याचं काम करायची. हे हिंदीत दोन मिनिटं बोलायचे, ती इंग्रजीत चार शब्द सांगायची. ह्यांना संशय येऊ लागला की ही आपलं बोलणं खाते. खरं म्हणजे ती ते निवडून, पाखडून पुढे द्यायची, आणि म्हणूनच अकरा शिष्य टिकले होते. पण एक दिवस हे मला म्हणाले, मी इंग्रजी शिकणार. मोबाइलवर सगळं असतं, त्यावरून शिकेन.

‘मोबाइल गुरू होतो का?’ मी विचारलं.

गेल्याच महिन्यात ब्राझीलच्या मारिआनाने एक सूक्त यूट्यूबवरून पाठ केलं होतं, तेव्हा ह्यांनी तिला अर्धा तास झापलं होतं की गुरूशिवाय घेतलेली विद्या फळत नाही. मी त्याची आठवण दिली. इंग्रजी विद्या आहे की नाही, एवढंच सांगा म्हटलं. विद्या नाही म्हणावं तर अकरा शिष्यांची दक्षिणा त्याच भाषेतून येते. मग हे म्हणाले, गुरू तरी कोण?

मी स्वयंपाकघराकडे बोट केलं. अवनी कुकरची शिट्टी मोजत होती.

माझा बेत असा होता. गुरूकडून विद्या घेतली की दक्षिणा आलीच, आणि गुरू मागेल ती द्यावी लागते. हा नियम ह्यांच्या रक्तात आहे. स्वतःच्या गुरूंनी मागितली म्हणून ह्यांनी लग्नातली अंगठी काढून दिली होती, माझ्या बापाने दिलेली. तेव्हा अवनीने एक धडा पुरा करायचा आणि दक्षिणा म्हणून मंडल्याला जायची परवानगी मागायची. मी तिला सगळं समजावलं. ती ऐकून घेऊन नुसती हसली. मला वाटलं, लाजली.

ह्यांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढला. अवनीला चौरंगावर बसवलं, स्वतः खाली पाटावर बसले, आणि वाकून नमस्कार केला. सून उडालीच. ‘बाबा, काय हे,’ म्हणाली. हे म्हणाले, ‘इथे बाबा नाही. आपण शिकवावं.’ चार वर्षांत जिला ‘अगं ए’ सोडून हाक नव्हती तिला एकदम ‘आपण’. शिवाय गुरूआधी शिष्याने जेवायचं नसतं, म्हणून धड्याच्या दिवशी अवनी जेवेपर्यंत हे ताटावर थांबायचे. मी तिला सांगून ठेवलं होतं, सावकाश जेव.

अनध्यायही पाळले. प्रतिपदेला आणि अष्टमीला पाठशाळेत शिकवत नाहीत, तर इंग्रजीही बंद. इंग्रजांना अष्टमी नसते, असं अवनीने सांगून पाहिलं. इंग्रजांना नसेल, विद्येला असते, असं उत्तर आलं.

तिने आधी सोपी क्रियापदं काढली होती, जा, ये, खा. ह्यांना ती नको होती. शिष्य सारखे लेट मी, लेट मी करतात, तेच आधी शिकवावं, म्हणाले. आणि त्यांना त्या आवाजाचीच भुरळ पडली. संस्कृतात क्रियापदांच्या रूपांचा लेट् नावाचा एक प्रकार आहे, तो फक्त वेदात सापडतो, पुढे लोकांनी टाकून दिला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण टाकला तो साहेबाने सांभाळून ठेवला, म्हणाले. अवनी म्हणाली, बाबा, हा योगायोग आहे. हे म्हणाले, काशीत योगायोग होत नाही.

मग तिने शांतपणे अर्थ सांगितला. लेट म्हणजे करू देणं, जाऊ देणं, अडवणारा असतो त्याने न अडवणं. लेटनंतर ज्याला करू द्यायचं तो माणूस, आणि लगेच मूळ क्रियापद, मध्ये टू घालायचं नाही. अलाउ हे त्याच अर्थाचं क्रियापद घेतलं तर मात्र टू लागतं. ह्यांनी अलाउ तिथेच निकालात काढलं, ज्याला मध्ये दलाल लागतो ते क्रियापद कशाला, म्हणून. आणि काल लेट, आज लेट, उद्याही लेट. ही किंवा शी आली तर आज तेवढा एक स चिकटतो, बाकी तिन्ही काळांत रूप बदलत नाही. हे ऐकून ह्यांनी हात जोडले. तिन्ही काळांत जे बदलत नाही त्याला आमच्यात फार वर ठेवतात.

एकदा मात्र ह्यांनी नेमका प्रश्न विचारला. लेट मी गो, यात जायचंय ते मला. मग जाऊ देणारा कोण? त्याचं नावच नाही वाक्यात.

‘त्याचं नाव घ्यायची गरज नसते, बाबा,’ अवनी म्हणाली. ‘तो समोरच बसलेला असतो.’

मी आत भेंडी चिरत होते. सुरी थांबली. ह्यांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं.

पाठांतराची ह्यांना एकच रीत माहीत. पहाटे स्नान झालं की गच्चीवर बसायचे आणि उजवा हात स्वरांप्रमाणे वर-खाली नेत सुरू करायचे. लेट मी मी लेट लेट मी गो, गो मी लेट लेट मी गो. तीन शब्दांचं वाक्य, पण घनपाठात पडलं की त्याला गाभारा, सभामंडप सगळं येतं. खालच्या घाटावरचा नावाडी दोन दिवस ऐकून वर आला आणि मला विचारू लागला, ‘माताजी, ई कउन मंतर हौ? बड़ा तेज हौ एमें.’ मी म्हटलं, सुटकेचा आहे. तो नमस्कार करून गेला.

ह्यांनी जाहीर केलं होतं की सभेसमोर घन बिनचूक म्हणून दाखवला की संथा पुरी. संथा म्हणजे धडा. पण सभा कुठली जमवायची? राजा घाटाजवळच्या विद्वानांसमोर इंग्रजी घन म्हटला असता तर त्यांनी ह्यांना गंगेत बुडवून शुद्ध केलं असतं. त्यामुळे सभा लांबत गेली आणि जून उजाडला. दहा तारीख झाली तरी कागद पंचांगातच होता. मी दोनदा विषय काढला. दोनदा पाहू. जेवणाच्या ताटावर थांबून राहणारा माणूस एका कागदावर इतका कसा थांबू शकतो, मला संताप यायचा. अवनी काही बोलायची नाही. ती आपली वर्गात बसायची, दुभाष्याचं काम करायची, चौरंगावर बसून धडा द्यायची.

अकरा तारखेला अवनी बाजूला बसली. आमच्या घरात अजून पाळतात, महिन्याचे ते चार दिवस बाईने देवघरात यायचं नाही. मी चाळीस वर्षं पाळलं, का ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. पण वर्ग देवघरात, संगणक देवघरात आणि दुभाषी मागच्या खोलीत. मी ह्यांना विचारलं, गुरूला विटाळ असतो का हो? ह्यांनी खूप विचार केला. म्हणाले, पाहू. आणि एकटेच वर्गाला बसले.

पुढचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि अवनीने मागच्या खोलीतून मोबाइलवर पाहिलं.

सुरुवातीलाच मारिआनाने काहीतरी विचारलं. ह्यांना कळलं नाही. ह्यांनी पोथीत बघावं म्हणून चष्मा शोधायला घेतला आणि शोधता शोधता ऐटीत म्हणाले, ‘लेट मी सी.’

आता आमच्या वर्गाचा नियम असा, की गुरूने एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. सात देशांतून अकरा जणांनी, डोळे मिटून, दोनदा म्हटलं, लेट मी सी, लेट मी सी.

इथे एखादा साधा माणूस हसला असता किंवा नाही-नाही म्हणत हात हलवला असता. पण ह्यांची चाळीस वर्षांची सवय. शिष्यांनी दोनदा म्हटलं की गुरूने पुढचं पद द्यायचं, मध्ये थांबणं म्हणजे पाप. हात आपोआप उचलला गेला. लेट मी गो, हे म्हणाले. लेट मी गो, लेट मी गो, आलं अकरा ठिकाणांहून. मग हे सुटले. लेट मी मी लेट लेट मी गो. बावीस मिनिटं. साओ पावलोपासून बर्लिनपर्यंत अकरा उजवे हात वर-खाली होत होते. जर्मनीचा एक जण तर डोळे पुसत होता. पोळी तव्यावर करपली तरी मी हलले नाही. मागच्या खोलीतून उशीत तोंड खुपसून हसल्याचा आवाज येत होता. हे मात्र सांगायला हवं की घनात एकही चूक झाली नाही. सदतीस वर्षं ऐकलंय मी, चूक झाली असती तर मला कळली असती.

वर्ग संपल्यावर हे घामाघूम होऊन बाहेर आले. मला म्हणाले, झालं ते बरं नाही झालं. मी म्हटलं, झालं ते उत्तम झालं, सभा झाली. अकरा साक्षीदार, घन बिनचूक. संथा पुरी.

हे मटकन खाली बसले. नियम ह्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी मारिआनाचा निरोप आला. असा अनुभव कधी आला नव्हता म्हणे. या मंत्राचा ऋषी कोण, देवता कोण, छंद कोणता आणि अर्थ काय? बिचारीने आमचे शब्द ऐकले ते मंत्र म्हणूनच ऐकले, इंग्रजी म्हणून ऐकलेच नाहीत. निरोप वाचायलाही ह्यांना अवनीच लागली. मी मोबाइल घेऊन मागच्या खोलीत गेले. अवनीने वाचला आणि म्हणाली, उत्तर शिष्याने स्वतः येऊन विचारावं.

तेराला सकाळी हे मागच्या खोलीच्या दारात आले. त्या चार दिवसांत ह्यांनी त्या खोलीकडे कधी मान वळवूनही पाहिलं नव्हतं. सदतीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी तरी नाही. उंबऱ्याच्या अलीकडे पाट टाकून बसले. अवनी पलीकडे चटईवर होती. मी मध्ये भिंतीला टेकून उभी राहिले, दोघांच्या अध्येमध्ये, जशी सदा असते.

ह्यांनी लांबूनच नमस्कार केला. म्हणाले, ‘शिष्यांना काय अर्थ सांगू?’

‘जो आहे तो. मला जाऊ द्या.’

ह्यांनी खाली पाहिलं. आमच्या घरात हे वाक्य तोपर्यंत कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. इंग्रजीत दीड महिना गच्चीवरून गल्लीभर ऐकू येत होतं, पण मराठीत नाही.

मग ह्यांनी घसा साफ केला. शिष्यांना माझी चूक सांगेन, म्हणाले, इंग्रजी शब्द आपण द्या. पण आधी दक्षिणा. संथा पुरी झाली आहे. आपण मागावं.

मी अवनीला डोळ्यांनी खुणावलं. हाच तो क्षण होता. दोन दिवस उरले होते. आता माग, म्हणत होते मी मनात, माग ना पोरी.

‘जायची परवानगी मी मागणार नाही, आई,’ अवनी माझ्याकडे बघून म्हणाली. मग ह्यांच्याकडे वळली. ‘जे आपलं असतं तेच दक्षिणेत देता येतं. माझं जाणं तुमचं नाही, बाबा. होकार मी परवाच भरला, तुम्ही घन म्हणत होता तेव्हा.’

मला आधी तिचाच राग आला. माझा एवढा बेत. चौरंग, ताटावरचं थांबणं, सगळं वाया. ह्यांचा चेहरा उतरला होता. मग मला का विचारलंस, असं ह्यांनी विचारलं, ‘आपण’ विसरून. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, ती म्हणाली, विचारल्यासारखं तुम्ही ऐकलंत.

‘मग दक्षिणा?’

‘काशीत एक आवडती वस्तू सोडतात. तुम्ही कारलं सोडलंत.’ अवनी हसली नाही. ‘तुम्ही पाहू सोडा.’

ह्यांना कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं.

हजार माणसांची वांगी सोडवणारा माणूस पाटावर तसाच बसून राहिला. दुसरं काहीतरी माग म्हणायला तोंड उघडलं असावं. पण गुरूने मागितलं ते मागितलं. मला म्हणाले, पळी-पंचपात्र आण. मी आणलं. ह्यांनी उजव्या हातावर पाणी घेतलं आणि घाटावर म्हणतात त्याच खणखणीत आवाजात संवत्सर, मास, पक्ष, तिथी सगळं म्हटलं, आणि शेवटी ‘पाहू’ इति पदस्य त्यागं करिष्ये. पाणी ताम्हनात सोडलं. पंचांगातून कागद काढून उंबऱ्यावर ठेवला.

आणि मग पंचाईत झाली. आता काहीतरी म्हणायला तर हवं. ह्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. घनपाठी माणूस, पण पुढचं पदच सापडेना.

‘नको जाऊस,’ हे शेवटी म्हणाले. ‘घर रिकामं होईल. मला ते नको आहे.’

‘हे बरं झालं तुम्ही बोललात,’ अवनी म्हणाली. ‘मी अठ्ठावीसला निघतेय, बाबा.’

‘बरं,’ हे म्हणाले.

झालं. एवढंच झालं. ह्यांनी नाही म्हटलं, तिने जाते म्हटलं, कुणाचं काही तुटलं नाही. मला तिथे उभ्याउभ्या रडू आलं. दोघांना वाटलं, सून जाणार म्हणून. सून जाणार म्हणून नव्हतं ते. इतकं सोपं होतं, म्हणून होतं. चौऱ्याण्णव साली ह्यांनी मला नुसतं नाही म्हटलं असतं, तर मी जाते म्हटलं असतं. मी तेव्हा तिच्याएवढीच होते आणि जीभ माझी तिच्यापेक्षा तिखट होती.

पुढच्या वर्गात ह्यांनी शिष्यांची माफी मागितली, अवनीने चार शब्दांत ती इंग्रजीत केली. अकरा जण खूप हसले. जर्मनीवाला म्हणाला, तरी मी रोज म्हणणार, मला गुण आलाय. अठ्ठावीसला देवव्रत तिला मंडल्याला पोचवायला गेला. ह्यांनी बॅग गल्लीच्या तोंडापर्यंत स्वतः नेली आणि रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडले. रिक्षावाला वाढवून देणार का म्हणून विचारत होता. ह्यांना चक्क नाही म्हणता आलं, त्या आनंदात दहा रुपये जास्तच दिले.

जुलैत वर्ग परत सुरू व्हायचा होता. दुभाषी नव्हता. दोन दिवस हे माझ्या मागेपुढे घोटाळत होते. स्वयंपाकघराच्या दारात यायचे, डबे बघायचे, परत जायचे. तिसऱ्या दिवशी आले ते हातात जुनं पंचांग घेऊन, नव्याण्णव सालचं. त्यात माझं पत्र होतं. कडा तपकिरी झालेल्या, घडीवर विरलेलं. ह्यांनी ते ओट्यावर ठेवलं.

‘तेव्हा मला नाही म्हणायचं होतं,’ हे म्हणाले. ‘म्हटलं नाही.’

मी पत्राला हात लावला नाही. वांगी चिरत राहिले.

मग म्हणाले, तुला इंग्रजी येतं, ते मला ठाऊक आहे. अवनी शिकवायची तेव्हा आतून तुझी सुरी थांबायची. उद्यापासून वर्गाला माझ्या शेजारी तू बसशील का?

काशीत एकाने सोडलेली वस्तू घरातल्या बाकीच्यांनी खाल्ली तर चालते. मी हातातलं वांगं पाण्यात टाकलं, पदराला हात पुसले आणि ह्यांच्याकडे नीट वर पाहिलं.

‘पाहू,’ मी म्हटलं.